गाठीचा शेजार

"काका, हा तुमच्या गाठीचा शेजार," असं म्हणून डॉ. निलोफर शिकलगार यांनी पडद्यावरचं चित्र मोठं केलं.

सुकुमार मगदूम खुर्चीच्या कडेवर सरकून बसले. त्यांच्या जिभेच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ होती, कर्करोगाची. तिचे फोटो त्यांनी याआधी पाहिले होते. काळेपांढरे, निर्जीव फोटो. हे तसलं नव्हतं. हे हलत होतं. मधोमध जांभळ्या पेशींचा गच्च पुंजका, त्याला वेढणारं पिवळ्या तंतूंचं जाळं, जाळ्यातून वाकडातिकडा वाहणारा लाल प्रवाह, आणि बाहेर, बंद दारापुढे ताटकळणाऱ्या माणसांसारखे शेकडो हिरवे ठिपके.

"जिवंत आहे हे?" त्यांच्या पत्नीनं, त्रिशलानं विचारलं.

"जिवंत आहे, काकू. काकांच्या गाठीचा तुकडा काढला ना, तो नुसता तपासून टाकून नाही दिला. त्याच्या आजूबाजूच्या पेशींसकट त्याला इथं वसवलंय." निलोफरनं तळहातावर मावेल अशी एक पारदर्शक पट्टी उचलून दाखवली. तिच्यात केसाहून बारीक नळ्या होत्या आणि त्यांतून गुलाबी द्रव सरकत होता.

कितीतरी वर्षं वैद्यकाचं सगळं लक्ष कर्कपेशीवर होतं. तिला कापा, जाळा, विष घाला. पण ती पेशी एकटी राहत नाही. ती आजूबाजूच्यांना वळवून घेते. रक्तवाहिन्यांना आपल्याकडे ओढते, जखमा सांधणाऱ्या पेशींकडून स्वतःभोवती कुंपण घालून घेते आणि पहाऱ्यावर आलेल्या भक्षक पेशींनाच चाकरीला लावते. औषध आत पोचणार की बाहेरच अडणार, हे बरंचसं हा शेजार ठरवतो. म्हणूनच एकच औषध एकाला तारतं आणि दुसऱ्याला लागूही पडत नाही. २०३८ साली मिरजेच्या त्या संस्थेत प्रत्येक रुग्णाची अशी पट्टी तयार होऊ लागली होती. औषध आधी पट्टीला, मग माणसाला.

"हिरवे ठिपके म्हणजे तुमच्या मारक पेशी," निलोफर म्हणाली. "दोन महिने आपण जे सलाईन देतोय, त्यानं त्या जाग्या झाल्यात. पण आत शिरत नाहीत. का शिरत नाहीत ते आम्हाला काल कळलं. हे पांढरे धागे बघा."

जांभळ्या पुंजक्यात बारीक पांढऱ्या मुळ्या घुसल्या होत्या.

"मज्जातंतू आहेत. गाठीनं स्वतःकडे वाढवून घेतलेत. माणसाची छाती धडधडली की यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनलिन नावाचं रसायन पाझरतं. त्यानं गाठीला जोर चढतो आणि मारक पेशी सुस्तावतात. आम्ही पट्टीत ते थेंबथेंब सोडून पाहिलं. दोन दिवसांत गाठ तरारली." ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. तिचे डोळे चमकत होते. "म्हणजे कुठं घाव घालायचा ते सापडलं, काका! तुम्हाला शांत ठेवायचं. गोळी देऊ, पण तुमचीही मदत हवी. राग नको, धावपळ नको, उत्तेजना नको. बाय द वे, तुम्ही करता काय?"

"मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मळीवाडीत."

"छान. निवांत काम."

त्रिशलानं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि होड्यांच्या शर्यतीचं निवेदन करतात. सत्तावीस वर्षं."

निलोफर मिरजेचीच होती. तिनं हातातली पट्टी हळूच खाली ठेवली. "ते मगदूम? कृष्णेचे?"

"तेच," सुकुमार म्हणाले.

कृष्णाकाठी श्रावणात होड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा दोन्ही तीरांवर माणूस मावत नाही. पण निम्म्या लोकांना पुलापलीकडची होडी दिसतच नाही. ती त्यांना सुकुमार मगदूम दाखवत. कोणाचं वल्हं उथळ पडतंय, कोणाचा दम उखडलाय, कोण आतल्या धारेतून काढून घेतोय, हे ते अशा आवाजात सांगत की पाठमोरी बसलेली म्हातारी माणसंसुद्धा उभी राहत. वर्षभर दुकानात तांब्याची तार गुंडाळणारा हा मितभाषी माणूस त्या दहा-पंधरा मिनिटांत कोणीतरी वेगळाच होई.

शल्यविशारद डॉ. गोगटे यांचं मत सरळ होतं. जिभेचा दोनतृतीयांश भाग काढायचा. जीव वाचण्याची शक्यता चांगली, बोलणं जवळजवळ जाणार. निलोफरनं त्यांच्याकडून ऑगस्ट अखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. सुकुमार यांच्या गाठीशेजारी तांदळाच्या कणीएवढा एक संवेदक बसवला गेला. रसायनं किती, गाठ केवढी, मारक पेशी कुठं, हे सगळं तो बाहेर कळवणार होता. घरच्या फोनवर फक्त एक पट्टा दिसे: हिरवा, पिवळा, लाल.

त्या पट्ट्यानं घराचा ताबा घेतला.

पहिल्या आठवड्यात त्रिशलानं टीव्ही बंद केला. दुकानात गिऱ्हाईक हुज्जत घालतं म्हणून दुकान भाच्याकडे सोपवलं. बंगळूरहून मुलीचा, चंदनाचा फोन आला की आधी ती स्वतः बोलून घेई, काही धक्क्याचं नाही ना याची खात्री करी आणि मग फोन त्यांच्या हातात देई. चंदनाला नोकरीत बढती मिळाली, ती बातमीसुद्धा त्यांना चार दिवसांनी, जेवण झाल्यावर, हळू आवाजात कळली.

"अगं, आनंदाची गोष्ट आहे ही!"

"म्हणूनच," त्रिशला फोनच्या पट्ट्याकडे बघत म्हणाली. "पिवळा झाला बघा. श्वास घ्या सावकाश."

जुलैमध्ये वाघजाई बोट क्लबचा कप्तान धोंडीराम नलवडे नारळ घेऊन आला. निवेदकाला नारळ देऊन आमंत्रण करायची रीत होती. त्रिशलानं त्याला फाटकातच अडवलं.

"वहिनी, नुसतं भेटतो. शर्यतीचं नाव काढणार नाही."

"तुमचं तोंड बघितलं की त्यांना नदी दिसते, भावजी. पाया पडते, जावा."

सुकुमार खिडकीतून पाहत होते. धोंडीरामनं नारळ फाटकाच्या खांबावर ठेवला आणि मागं वळून न बघता गेला. त्या दिवशी नवराबायको एकमेकांशी बोलले नाहीत. पट्टा हिरवाच होता.

पुढच्या दिवसांत घरात बोलणं कमीच होत गेलं. ते खुर्चीत बसून राहत. ती स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळानं डोकावून जाई. ती आली की ते चेहरा सारखा करत. ती गेली की पुन्हा विचार सुरू होई. जीभ गेली तर जेवायचं कसं? मुलीला हाक कशी मारायची? यातलं काही ते त्रिशलाला सांगत नसत. ती घाबरेल. आणि तिनं रात्रंदिवस कवटाळलेली भीती ती त्यांना सांगत नसे. त्यांचा पट्टा पिवळा होईल.

ऑगस्टच्या तपासणीत गाठ वाढलेली निघाली.

डॉ. गोगटे चांगले होते, पण स्पष्ट बोलणारे. "मगदूम, आता थांबण्यात अर्थ नाही. पुढच्या आठवड्यातला मंगळवार. तयारीनं या."

निलोफर मात्र संवेदकानं पाठवलेल्या नोंदींपुढून उठली नाही. एवढी शांतता पाळून गाठ वाढली कशी? लाल पट्टा महिनाभरात एकदाच लागला होता, तोही जेमतेम पाव तास. पण तिनं घरच्या फोनवर न दिसणारा बारीक आलेख उघडला आणि ती चमकली. झटके नव्हते, हे खरं. पण रसायनाची तळपातळी पहिल्या आठवड्यापासून थोडीथोडी चढत गेली होती. जसं काही कोणी नळ पुरता बंदच केला नव्हता. आणि तो एकुलता लाल झटका? त्याच्यानंतरच्या काही तासांत हिरवे ठिपके कुंपण ओलांडून आत शिरले होते! थोडेच, पण शिरले होते. मग पातळी पुन्हा चढली आणि ते परतले.

तिनं फोन लावला. "काका, खरं सांगा. गेल्या महिन्यात नऊ तारखेला सकाळी तुम्ही काय करत होता?"

पलीकडून कुजबुज आली. "देवळात जातो म्हणून सांगितलं, फोन खिशात घातला आणि नदीवर गेलो. पोरांचा सराव चालला होता. घाटाच्या मागं उभा राहून, तोंडातल्या तोंडात... निवेदन केलं. त्यानं वाढली का गाठ?"

"काका," निलोफर म्हणाली, "दोन दिवस द्या मला."

तिनं दोन नव्या पट्ट्या लावल्या. एकीत रसायन सतत, अगदी बारीक धारेनं. दुसरीत एकूण तेवढंच, पण एका जोरदार झटक्यात, आणि मग पूर्ण विश्रांती. पहिल्या पट्टीत पांढऱ्या मुळ्या फोफावल्या, कुंपण दाट झालं. दुसऱ्या पट्टीकडे बघताना ती खुर्चीतून उठून उभी राहिली. झटक्यासरशी मारक पेशींचं कोठार असलेल्या प्लीहेच्या नळीतून, वाहिन्यांच्या काठांवरून हिरवे ठिपके सुटले. लोंढाच्या लोंढा आला, कुंपणाच्या फटी शोधत आत घुसला आणि रसायन ओसरल्यावरही आतच राहिला. जांभळा पुंजका कडेनं विरघळायला लागला.

तिनं दोघांना तातडीनं बोलावून घेतलं आणि दोन्ही पट्ट्या समोर ठेवल्या.

"रसायन तेच आहे, काकू. पण सारखं झिरपत राहिलं की ते गाठीला पोसतं. झटक्यात आलं आणि गेलं, तर तेच मारक पेशींना रक्तात लोटतं. हे दुसरं घडतं ते माहीत होतं आम्हाला, व्यायामाच्या अभ्यासांतून. पण गाठीत मज्जातंतू दिसले आणि आम्ही घाईनं ठरवलं की सगळीच धडधड वाईट. चूक आमची झाली."

त्रिशला पहिल्या पट्टीकडे एकटक पाहत होती. "आमच्या माहेरच्या रानासारखं," ती हळूच म्हणाली. "उसाला सारखं पाणी साचवलं आणि जमीन क्षारपड झाली. पाळीनं दिलेलं पाणी तेच, पण त्यानं पीक आलं असतं." मग तिनं मान वर केली. "म्हणजे घरात मी जे केलं, सारखं टोकणं, सारखं बघणं... त्यानं वाढली?"

"एकट्या तुझ्यानं नाही," निलोफरच्या आधी सुकुमारच बोलले. "मीही आतल्या आत कुढत होतो की. तुला सांगत नव्हतो."

"आणि मी तुम्हाला."

निलोफर उठून खिडकीशी गेली. मागं त्रिशला पहिल्यांदाच मोठ्यानं रडत होती आणि सुकुमार तिला थांबवत नव्हते.

मग प्रश्न उरला मंगळवारचा. त्याआधीच्या रविवारी शर्यत होती. निलोफरचं म्हणणं, शनिवारी सलाईन द्यावं, शांतवणारी गोळी थांबवावी आणि काकांनी रविवारी माइक हातात घ्यावा. मारक पेशी आत शिरल्या तर शस्त्रक्रिया पुढं ढकलावी. डॉ. गोगटे यांनी आलेख नीट पाहिला, दोनदा पाहिला. "पट्टीवर सुंदर आहे. माणसात एकदाच, तेही अपघातानं दिसलंय. इथं महिना गमावला तर मला जीभच नव्हे, घसाही काढावा लागेल. मी नको म्हणणार नाही, पण हा जुगार आहे."

"तुम्हाला खात्री आहे?" त्रिशलानं निलोफरला विचारलं.

"नाही, काकू. आशा आहे. खात्री नाही."

परतताना रिक्षात सुकुमार म्हणाले, "मंगळवारीच करून टाकू. शर्यत नको. आवाज काय, सत्तावीस वर्षं वापरला. तू अशी झिजलेली मला बघवत नाही."

रिक्षा पुलावर आली. खाली पाणी भरून चाललं होतं आणि लाल बनियनमधली पोरं एका तालात वल्ही मारत होती. तिनं सुकुमार यांचा चेहरा बघितला. ते बघायचं नाही म्हणून दुसरीकडे बघत होते.

"धोंडीराम भावजींना फोन लावा," ती म्हणाली.

"काय?"

"लावा म्हणते ना. त्यांचा नारळ मी उचलून देवापुढं ठेवलाय. रीत झाली म्हणून सांगा."

रविवारी दुपारी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. निवेदकाच्या मचाणाखाली निलोफर टॅब घेऊन बसली होती, शेजारी त्रिशला. वर सुकुमार यांनी माइक हातात घेतला, खाकरले आणि बोलले, "नमस्कार, कृष्णामाईच्या लेकरांनो." आवाज खरखरीत होता, गिळताना दुखत होतं. तरी दोन्ही तीरांवरून अशी आरोळी उठली की निलोफरच्या हातातला टॅब हलला. पट्टा पिवळा झाला.

शिट्टी वाजली. सात होड्या सुटल्या.

"सुटल्या! वाघजाईची लाल होडी उजवीकडून, जलदूतची निळी मधल्या धारेत! निळीचा ताल बघा, एक गडी चुकत नाही! अरे, पण वाघजाई काय करतेय? काठाशी? काठाशी पाणी मंद असतं, धोंडीराम, विसरलास काय? नाही! विसरला नाही! जाताना उलट्या धारेला काठाचा आडोसा घेतोय गडी!"

पट्टा लाल झाला आणि लालच राहिला. त्रिशलानं निलोफरचं मनगट धरलं.

"होऊ दे, काकू. होऊ दे."

पुलापलीकडे होड्या खालच्यांना दिसेनाशा झाल्या. हजारो माणसं फक्त त्या खरखरीत आवाजाकडे कान लावून होती. "निशाणाला वळसा! निळी आधी वळली, पण रुंद वळली! लाल आतून, आतून, निशाण घासून! आता प्रवाह पाठीशी आहे, आता दमाचा खेळ आहे! निळी एका होडीनं पुढं, अर्ध्या होडीनं पुढं..." आवाज फाटला. त्यांनी थुंकी गिळली, कपाळावर घाम होता, पण डोळे पेटले होते. "वल्हं खोल टाका, पोरांनो! खोल!"

"निघाल्या!" निलोफर ओरडली. टॅबवर हिरवे ठिपके वाहिन्यांमधून दाटीवाटीनं येत होते. "काकू, बघा, निघाल्या! कुंपणाशी आल्या! बघा ना!"

पण त्रिशला टॅबकडे बघतच नव्हती. ती कधी उभी राहिली ते तिलाही कळलं नव्हतं. लाल आणि निळी नाकासमोर नाक लावून पुलाखालून बाहेर पडल्या होत्या आणि वर तिचा नवरा मचाणाच्या कठड्यावर निम्मा वाकून ओरडत होता. संसारात कधी आवाज न चढवलेली ती बाई पदर खोचून, दोन्ही हात वर करून ओरडली, "ओढ वाघजाई! ओढ!"

लाल होडी हातभरानं जिंकली. सुकुमार माइक खाली ठेवून बाकावर बसले. त्यांना बोलता येत नव्हतं. ते नुसते हसत होते. निलोफरनं ठरल्याप्रमाणे त्यांना घाटामागच्या खोलीत नेऊन आडवं केलं. आता रसायन ओसरायला हवं होतं. त्रिशला उशाशी बसली. या वेळी तिनं पट्टा बघितला नाही. चंदनाची बढती, माहेरचं रान, भाच्यानं दुकानात केलेला गोंधळ, असं काहीबाही ती बोलत राहिली. ऐकताऐकता त्यांचा डोळा लागला. पट्टा पिवळा झाला, मग हिरवा. आणि पडद्यावरचे हिरवे ठिपके जांभळ्या पुंजक्याच्या आत, अगदी गाभ्यापर्यंत, कामाला लागले होते.

सोमवारी डॉ. गोगटे यांनी तो पडदा पाहिला आणि मंगळवारची तारीख स्वतःच खोडली.

पुढचे तीन महिने सलाईन, मग झटका, मग विसावा असा क्रम चालला. शर्यती संपल्या तेव्हा कबड्डीचे सामने शोधले गेले, तेही नसतील तेव्हा चंदना सुट्टी काढून आली आणि बापलेक बॅडमिंटन खेळले. दिवाळीनंतर डॉ. गोगटे यांनी उरलेली वाटाण्याएवढी गाठ लेझरनं काढली. जीभ राहिली. 'र' म्हणताना थोडा अडखळा आला आणि आवाजाची वरची पट्टी गेली. पाच वर्षं काढल्याशिवाय बरं झालं म्हणायचं नाही, हे निलोफरनं त्यांना बजावलं, आणि त्यांनी ते मानलं.

मिरजेच्या त्या वॉर्डात आता प्रत्येक नव्या रुग्णाला एक प्रश्न विचारला जाऊ लागला: तुमची छाती कशानं धडधडते? औषधाच्या जोडीला तो झटका जो त्याचा त्यालाच ठाऊक. कोणी ढोल वाजवत, कोणी विहिरीत सूर मारत. ज्यांच्या गाठीत मज्जातंतूंचं जाळं नव्हतं, त्यांना याचा उपयोग होत नसे. त्यांचे शेजार वेगळे, त्यांचे उपाय वेगळे. सुकुमार आणि त्रिशला गुरुवारी तिथं जात, नव्या माणसांशी बोलायला.

एका गुरुवारी इंदुमती केस्ते भेटल्या. साठी उलटलेल्या, बारीक, खाली बघून बोलणाऱ्या. निलोफर त्यांच्यापुढं हात टेकून बसली होती.

"काहीतरी असेल ना, मावशी? गाणं, खेळ, भांडण?"

"नाही हो. घर, सासूसासरे, पोरं. मला कशानं काही होत नाही."

त्रिशलानं निलोफरला खुणेनं उठवलं आणि स्वतः बसली. तिनं काही विचारलं नाही, नुसतीच शेजारी बसून संत्री सोलत राहिली. बऱ्याच वेळानं इंदुमतीबाई म्हणाल्या, "मिरजेच्या उरुसात आकाशपाळणा येतो. दरवर्षी सगळे बसायचे. चपला, पिशव्या, लहान पोर सांभाळायला मी खाली. एकदा बसावं असं वाटायचं. आता काय, या वयात."

उरूस आठ दिवसांवर होता.

पाळणेवाल्यानं आधी चक्क नकार दिला. निलोफरनं ओळखपत्र दाखवलं, सुकुमार यांना त्यानं ओळखलं आणि मग तो स्वतःच पाळण्याचा सुरक्षापट्टा आवळायला धावला. त्रिशला इंदुमतीबाईंच्या शेजारी बसली. चपला आणि पिशव्या सुकुमार यांनी कडेला घेतल्या. पाळणा निघाला, वर चढला, टोकाला क्षणभर थबकला. खाली सगळी मिरज दिव्यांनी भरली होती. मग तो धाडकन खाली आला आणि इंदुमतीबाईंच्या तोंडून जी किंकाळी फुटली, तिनं भेळवाल्यापर्यंतच्या माना वळल्या.

"निघाल्या!" निलोफर टॅब नाचवत ओरडली. "मावशी, निघाल्या!"

पाच फेऱ्या झाल्या. पाळणा मंदावला, थांबला. पाळणेवाला दांडी काढायला पुढं झाला. इंदुमतीबाईंचे केस सुटले होते, चष्मा वाकडा झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली.

"ए, हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "सोड परत. वर सोड."